हवा, झडप आणि बोरघाट



मळवली स्टेशनावर उतरणारा मनुष्य बहुधा इतिहासासाठीच उतरतो. एका अंगाला भाज्याची लेणी, दुसऱ्या अंगाला कार्ल्याची, आणि मान वर केली की लोहगड व विसापूर. आज मी मात्र यांपैकी कशावरही बोलणार नाही. मी बोलणार आहे झडपेवर. झडप म्हणजे वारा, वाफ किंवा पाणी यांच्या वाटेवरचे दार. या दाराला बखर नाही, पोवाडा नाही. पण बोरघाटातून मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचा जीव त्याच्या स्वाधीन असतो. आणि हा विषय मला ग्रंथालयात सुचला नाही. मळवलीच्या एका अंगणात सुचला.

गेल्या वर्षी तेथे एका स्नेह्यांकडे मी चार दिवस मुक्कामास होतो. त्यांचा धाकटा मुलगा नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने हवेच्या जोरावर कागदी अग्निबाण उडवणारे यंत्र करावयास घेतले होते. साहित्य घरचेच: पीव्हीसी पाइपचा एक जाड तुकडा हवा साठवण्यासाठी, एक बारीक नळी अग्निबाण बसवण्यासाठी, सायकलचा पंप, आणि दोन्ही नळ्यांच्या मध्ये नळदुरुस्तीच्या दुकानातला बॉल व्हॉल्व्ह. त्याने पन्नास वेळा पंप मारला, अग्निबाण बसवला, कॉक फिरवला. फुस्स असा आवाज झाला आणि अग्निबाण पडवीच्या पन्हळीपर्यंत जाऊन परत आला. "आजोबा, हवा तर भरपूर होती. मग गेली कुठं?" त्याने मला विचारले.

हवा वाटेतच वाया गेली होती. बॉल व्हॉल्व्ह फिरवावयास हाताला जो वेळ लागतो, तो आपल्याला क्षणभर वाटतो. पण हलक्या कागदी बाणाला तो फार मोठा आहे. कॉक थोडासा किलकिला होताच निसटलेली पहिली हवा बाणाला नळीबाहेर ढकलते. दार पूर्ण उघडते तेव्हा बाण निघून गेलेला असतो आणि उरलेली सगळी हवा रिकाम्या नळीतून सुटते. तेव्हा अशा यंत्राचा सारा प्रश्न दाराचा आहे. दार मोठे हवे आणि ते एकदम उघडले पाहिजे. आता मोठे दार एकदम उघडणे सोपे नाही. पाच सेंटिमीटर व्यासाच्या दारावर दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो या हिशेबाने हवा रेटत असेल, तर त्या दारावर सुमारे चाळीस किलोचा भार पडतो. नववीतल्या मुलाने तो कसा उचलावा?

मुलाने उपाय शोधला तो वडिलांच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये. मावळात अशी पॉलिहाऊस आता पुष्कळ झाली आहेत. तेथे ठिबकचे पाणी आपोआप सुरू व बंद करणारी झडप असते. तिच्या पोटात रबराचा एक पडदा असतो. पडद्याच्या खाली दाब असतो आणि एका बारीक भोकातून तोच दाब पडद्याच्या वरही जातो. खालचा दाब पडद्याच्या केवळ कडेला ढकलतो, वरचा दाब सगळ्या पडद्याला; म्हणून पडदा घट्ट मिटून बसतो. वरच्या कप्प्याचे एक लहानसे भोक उघडले की तेथला दाब निघून जातो आणि खालचाच दाब पडद्याला उचलून दार सताड उघडतो. हे लहान भोक पाच मिलिमीटरचे धरा. त्यावरचा भार चारशे ग्रॅम. म्हणजे चारशे ग्रॅमची कळ दाबून चाळीस किलोचे दार उघडावयाचे, आणि तेही हवेच्याच बळाने! मुलाने एक जुनी झडप मागून घेतली, तिचा विजेचा भाग काढला, वरच्या भोकाला रबरी नळी लावून तिच्या टोकाशी कळ बसवली. दुसऱ्या दिवशी अग्निबाण कौले ओलांडून शेजाऱ्यांच्या परसात गेला.

तिसऱ्या दिवशी मात्र निराळेच घडले. हवा भरलेली होती, मुलगा वाकून अग्निबाण नळीवर बसवीत होता, आणि ती रबरी नळी आपोआप निसटली. वरच्या कप्प्यातली हवा गेली, पडदा उचलला गेला, आणि कोणी कळ न दाबताच अग्निबाण सुटला. त्याचे टोक मुलाच्या भुवईला खरचटून गेले. बोटभर खाली लागते तर डोळा गेला असता. त्याची आई धावत आली, वडील रागावले, यंत्र माळ्यावर गेले. त्याच वेळी खाली स्टेशनात पुण्याची लोकल थांबत होती आणि तिच्या ब्रेकांचा फुसकारा मला ऐकू आला. मनात आले, तिकडेही हवाच आहे, नळीच आहे, झडपच आहे. तिकडची नळी निसटली असती तर काय झाले असते? गाडी थांबली असती. मग एकाच प्रकारची झडप, एकाच प्रकारचा बिघाड. तेथे गाडी थांबते आणि येथे बाण सुटतो, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

आपल्याकडे झडपेचा सर्वांत ओळखीचा अवतार म्हणजे लोहाराचा भाता. जुन्या पद्धतीच्या कातडी भात्याच्या तोंडाला दोन पट्ट्या असतात. भाता उचलताना लोहार पट्ट्या विलग करतो, दाबताना मिटतो; म्हणजे त्याची बोटे हीच झडप. घडीच्या मोठ्या भात्यात हे काम आतल्या बाजूने लावलेला चामड्याचा तुकडा करतो. फळी उचलली की बाहेरची हवा त्याला आत ढकलून शिरते; फळी दाबली की आतली हवाच त्याला भोकावर दाबून बसवते. हे चामडे कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाही. दाब ज्या बाजूला अधिक, त्याप्रमाणे ते उघडते किंवा मिटते. पुढची सारी कथा या एवढ्याशा गोष्टीचा विस्तार आहे.

भाज्याची लेणी कोरावयास आरंभ झाला तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात. त्याच्या आधीच्याच शतकात मिसर देशातील अलेक्झांड्रिया नगरीत क्टेसिबियस नावाचा एक कल्पक कारागीर होऊन गेला. तो एका न्हाव्याचा मुलगा. बापाच्या दुकानातला आरसा वरखाली करता यावा म्हणून त्याने दोरीला शिशाचा गोळा बांधून तो नळीत सोडला. गोळा वेगाने खाली येताना नळीतली हवा दाबली जाऊन मोठा आवाज झाला आणि हवा ही वस्तू आहे, तिला दाबता येते, हे त्याच्या ध्यानात आले, अशी हकीकत रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने दिली आहे. या क्टेसिबियसने झडपांचा पाणी उपसण्याचा पंप केला. त्याने हवेच्या बळावर चालणारे एक क्षेपणयंत्रही केले होते. त्याचे वर्णन बायझेंटियमच्या फिलोने लिहून ठेवले आहे. त्यात काशाची नळकांडी व त्यांत घट्ट बसणारे दट्टे होते. दोरी ताणली की दट्टे आत जाऊन हवा दाबली जाई. दोरी सोडली की हवा दट्ट्यांना बाहेर फेकी व त्यांच्याबरोबर यंत्राचे बाहू झेप घेत. गंमत अशी, की पंपाला झडप होती, या क्षेपणयंत्राला मात्र तिची गरज नव्हती. हवा कोंडलेलीच राहत असे. सुटत असे ती दोरी.

झडप आणि क्षेपण यांची गाठ पडली ती फार पुढे, युरोपातल्या हवेच्या बंदुकीत. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी नावाच्या कारागिराची अशी बंदूक स्वीकारली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. ती भरण्यासाठी सुमारे दीड हजार वेळा पंप मारावा लागे! चाप ओढला की घोडा झडपेवर आपटे, झडप निमिषमात्र उघडे आणि टाकीतल्या दाबानेच पुन्हा मिटे. त्यामुळे एकदा भरलेली हवा कित्येक गोळ्यांना पुरत असे. आमच्या मळवलीच्या मुलाला जे हवे होते ते येथे साधले होते, म्हणजे झटकन उघडणारे दार. परंतु दार बिघडले तर काय, हा प्रश्न बंदूक करणाऱ्याने स्वतःला फारसा विचारला नव्हता. तो विचारण्याची पाळी आली रेल्वेवर, आणि त्या प्रश्नाचे एक ठिकाण आपल्या अगदी जवळ आहे.

खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. खंडाळ्याखालचा बोरघाट मात्र अजून फुटावयाचा होता, म्हणून मधला घाट प्रवाशांनी पालखीतून किंवा पायी चढावा उतरावा लागे. घाटाचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली संपले. एका हंगामात तर ४२,००० हून अधिक माणसे तेथे राबत होती. हातातली पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर त्यांनी पंचवीस बोगदे फोडले. सुमारे सोळा मैलांत गाडी १,८०० फुटांहून अधिक चढे, आणि सर्वांत कठीण जागी दर सदतीस फुटांना एक फूट चढ होता. मध्ये एके ठिकाणी गाडीने उलट दिशेने फिरून पुढचा रस्ता धरावयाचा, अशी सोय होती. ते उलटफिरीचे स्थानक १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद झाले.

एवढी अवजड गाडी चढवणे कठीण खरे, पण उतरवणे त्याहून कठीण. त्या काळी प्रत्येक डब्याला एकत्र लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनाचा ब्रेक आणि काही गाड्यांवर बसलेले ब्रेकवाले, एवढाच आधार. चालकाने शिटी द्यावी आणि ब्रेकवाल्यांनी हाताने चाक फिरवून ब्रेक आवळावेत. शिटी ऐकू आली नाही, हात कमी पडले, रूळ ओले असले, की गाडी हाताबाहेर. १८६९ साली या घाटात नेमके तेच झाले. उतरती गाडी आवरली नाही आणि मोठा अपघात घडला.

योगायोग असा, की त्याच १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस या बावीस वर्षांच्या तरुणाने हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. ती कल्पना त्याला सुचली आल्प्स पर्वतातील बोगद्याची हकीकत वाचून. बोरघाटात माणसे हाताने सुरुंगाची भोके पाडीत होती त्याच वर्षांत आल्प्समध्ये दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे कामाला लागली होती. हवा नळीतून इतक्या दूर जाऊन खडक फोडते, तर गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत जाऊन ब्रेक का दाबणार नाही? वेस्टिंगहाउसने इंजिनावर हवा साठवली, प्रत्येक डब्याखाली नळकांडे बसवले आणि सर्वांना नळीने जोडले. चालकाने झडप उघडली की हवा मागे धावे व ब्रेक लागत.

या पहिल्या रचनेत एक मोठे वैगुण्य होते. ब्रेक लावावयाचा तर नळीत हवा हवी. नळी फुटली किंवा डबे मध्येच तुटून वेगळे झाले, तर ज्या घटकेला ब्रेक सर्वांत अधिक हवा, त्याच घटकेला तो नाहीसा होई. १८७२ साली वेस्टिंगहाउसने ही रचना उलटी केली. गाडी चालत असताना नळीत दाब सतत ठेवावयाचा. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी, आणि टाकी, नळी व ब्रेकचे नळकांडे यांच्यामध्ये एक तिहेरी झडप. तिच्यातील दट्ट्याच्या एका अंगाला नळीचा दाब, दुसऱ्या अंगाला टाकीचा. नळीचा दाब पुरेसा असला की झडप टाकी भरते व ब्रेक सैल ठेवते. नळीचा दाब उतरला की टाकीची हवा दट्ट्याला सरकवते आणि स्वतःच ब्रेकच्या नळकांड्यात शिरते. दाब कोणी उतरवला, याची तिला पर्वा नाही. चालकाने मुद्दाम उतरवला, नळी फुटली, डबे तुटले, तरी परिणाम एकच: ब्रेक लागतो.

आता मळवलीच्या झडपेशी हिची तुलना करून पाहा. दोन्हीकडे लहान नळीतला दाब मोठ्या टाकीतल्या हवेला अडवून धरतो. दोन्हीकडे लहान नळीतला दाब गेला की मोठी हवा सुटते. यंत्र म्हणून ही दोघी बहिणी. भेद इतकाच, की सुटलेली हवा एका ठिकाणी चाक धरते आणि दुसऱ्या ठिकाणी बाण फेकते.

हे तत्त्व सर्वांनी लगेच मानले असे मात्र नाही. पुष्कळ कंपन्यांना ते खर्चिक वाटले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडात आर्मा गावाजवळ सहलीस निघालेली एक भरगच्च गाडी चढावर अडकली. तिच्यात रविवारच्या शाळेतली मुले पुष्कळ होती. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी न्यावा असे ठरले. तिचा ब्रेक निर्वाताचा, पण साध्या प्रकारचा होता. इंजिनाशी जोडलेला असेपर्यंतच तो लागे. डबे सोडवताच मागच्या दहा डब्यांना उरला फक्त हाताचा ब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढच्या डब्यांचा किंचित धक्का बसला, दगड चिरडले, डबे उताराने मागे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसे मेली, त्यांत कितीतरी मुले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला, की प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांत लागणारा व बिघाड होताच आपोआप लागणारा ब्रेक असलाच पाहिजे. झडपेच्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली!

आपल्या देशात दीर्घकाळ चालला तो आपोआप लागणारा व्हॅक्यूम ब्रेक. त्यात नळीत दाबाऐवजी निर्वात राखीत. बाहेरची हवा आत शिरली की ब्रेक लागे. १९८० नंतरच्या दशकांत हळूहळू त्याची जागा दाबलेल्या हवेच्या ब्रेकने घेतली. ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो इतका दाब ठेवतात. आपणांपैकी ज्यांनी कधी गाडीची साखळी ओढली असेल, त्यांनी नकळत ही झडप चालवली आहे. साखळी ओढली म्हणजे आपण गाडीला खेचून धरत नाही. डब्यावरची एक लहान झडप उघडून ब्रेकच्या नळीतला दाब बिघडवतो, आणि गाडी स्वतःच स्वतःला धरते. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनने हातातली मूठ दाबून धरावी लागते. तो अकस्मात घेरी येऊन पडला, मूठ सुटली, तर गाडी थांबते. एका बेशुद्ध माणसाच्या हातून हजारो जीव वाचतात ते असे.

बोरघाटात तर हेच तत्त्व रुळांवरही आखलेले आहे. उतारावर ठरावीक जागी बाजूला चढावर जाणारा एक आडमार्ग असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग ही नावे घाटातून जाणाऱ्यांना परिचित असतील. गाडीने तेथे थांबावयाचे, आपण ताब्यात आहोत हे दाखवावयाचे, मग तिला खालचा सरळ मार्ग मिळतो. न थांबणारी गाडी आडमार्गाला जाऊन चढावर अडकते. म्हणजे जो काही करू शकत नाही, त्याच्यासाठी सुरक्षित वाट आधीच उघडी; धोक्याची वाट मागून, सिद्ध करून घ्यावयाची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी हे सारे त्या मुलाला सांगितले. त्याची आईही ऐकत बसली होती. अखेर यंत्र माळ्यावरून खाली आले, पण अटींवर. पहिली अट, पीव्हीसी पाइप टाकून द्यावयाचा. हे पाइप पाण्याच्या दाबासाठी केलेले असतात. पाण्याने पाइप फुटला तर अंगण भिजते. दाबलेली हवा मात्र फुटताच फुगते आणि पाइपच्या धारदार ठिकऱ्या सुऱ्यांसारख्या उडतात. त्याऐवजी सोडावॉटरसारख्या पेयांची प्लास्टिकची बाटली घ्यावी, तीही नवी, आणि दाब दोन किलोच्या वर जाऊ द्यावयाचा नाही. दुसरी अट मुलाने स्वतःच घातली. त्याने बाटलीला आणखी एक लहान झडप जोडली. स्प्रिंगने ती सदैव उघडी राहते आणि बाटलीतली हवा हळूहळू बाहेर सोडते. ती मिटावयाची तर एक दोरी ताणून धरावी लागते, आणि त्या दोरीचे टोक अग्निबाणापासून पाच मीटरवर. दोरी धरणाऱ्याचा हात अग्निबाणापर्यंत पोहोचूच शकत नाही; आणि अग्निबाण बसवावयास जो जवळ जातो, त्याला दोरी सोडावीच लागते. दोरी सुटली की हवा गेली. आधी बाण बसवा, मग दूर जा, दोरी ताणा, तेव्हाच मित्राने पंप मारावयाचा. कळेची नळीही त्याने आता तारेने घट्ट आवळली होती.

मी मुद्दाम विचारले, "आणि एखादे वेळी तू दोरी सोडायला विसरलास तर?"

तो म्हणाला, "आजोबा, सोडायला विसरताच येत नाही. लक्षात ठेवायचं ते फक्त धरायला."

वेस्टिंगहाउसने १८७२ साली जे केले ते याहून निराळे नव्हते. माणूस दमतो, विसरतो, कधी भोवळ येऊन पडतो. चामडे झिजते, नळी निसटते. हे सर्व होणारच असे गृहीत धरून, बिघाडाच्या क्षणी यंत्राचा कल कोणीकडे असावा हे जो आधी ठरवतो, तोच खरा यंत्रकार. तेव्हा पुढच्या वेळी घाट उतरताना गाडी मध्येच थांबली आणि खालून हवेचा फुसकारा ऐकू आला, तर कृपा करून घड्याळाकडे पाहून त्रासू नका. झडप आपले काम करीत आहे.